दमट उकाड्यात थंडीच्या भाज्या: ठाणे-नवी मुंबईच्या गच्ची-बाल्कनीत काय जमते आणि कसे?

घोडबंदर_गच्ची

नमस्कार.

फेब्रुवारी सरत आला की आपल्या भागातील बागकाम करणाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. लेट्यूस कडू झाले, कोथिंबीर वीतभर होण्याआधीच फुलावर गेली, पालकाची पाने जाड आणि चिवट झाली, मुळ्याला मूळ धरण्याऐवजी नुसता पाला आला. या तक्रारींवर सुचवले जाणारे उपाय बहुतेक वेळा युरोप-अमेरिकेतील बागांसाठी किंवा फार तर नाशिक-पुण्याच्या कोरड्या हवेसाठी लिहिलेले असतात. ते ठाण्यात जसेच्या तसे लागू पडत नाहीत, आणि का पडत नाहीत हे नीट समजून घेतले तर एप्रिल-मे महिन्यांतही काही थंडीच्या भाज्या घरी घेता येतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे असे आहे की आपल्याकडे दुपारच्या उन्हापेक्षा रात्रीचा उकाडा आणि तापलेली मुळे या भाज्यांना अधिक मारक ठरतात. दुपारी ३४-३५ अंश तापमान कुंडीतील लेट्यूस सावलीत सोसू शकते. पण मे महिन्यात आपल्या रात्री २६-२७ अंशांच्या खाली क्वचितच उतरतात. वनस्पती दिवसा प्रकाशावर साखर तयार करते आणि दिवसरात्र श्वसनावर ती खर्च करते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. जानेवारीतील सतरा अंशांच्या रात्रीत जी साखर पानांत आणि मुळांत साठते, ती मे महिन्याच्या रात्रीत खर्च होऊन जाते. रोप जिवंत राहते, परंतु भरत नाही.

दुसरी गोष्ट दमटपणाची. पाने बाष्पोत्सर्जन करून स्वतःला थंड ठेवतात. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर हे काम मंदावते. त्याचा आणखी एक परिणाम होतो, तो म्हणजे मुळांकडून पाण्याबरोबर वर जाणारे कॅल्शियम आतल्या कोवळ्या पानांपर्यंत पुरेसे पोहोचत नाही आणि लेट्यूसच्या पानांच्या कडा करपतात. अशा वेळी अनेकजण खत वाढवतात, त्यामुळे वाढ अधिक वेगाने होऊन कडा आणखी करपतात. तिथे खरी गरज असते ती रोपांमध्ये अंतर ठेवून हवा खेळती करण्याची.

तिसरी गोष्ट आपल्या बाजूची आहे, आणि तिचा उल्लेख फारसा होत नाही. उत्तर युरोपात जूनमध्ये दिवस सोळा तासांहून मोठा असतो आणि त्या लांब दिवसामुळेच तिथे विलायती पालक आणि लेट्यूस लवकर फुलावर जातात. ठाणे साधारण १९.२ अंश अक्षांशावर आहे आणि इथला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. म्हणजे फुलावर जाण्यासाठी प्रकाशाचा दट्ट्या आपल्याकडे तितका नाही. उष्णता तेवढी आटोक्यात ठेवता आली तर काही आठवडे नक्की मिळतात.

त्या दृष्टीने मी जे करते ते असे. कुंड्या स्लॅबवर थेट ठेवत नाही. दोन विटांवर ठेवते, म्हणजे खालून हवा फिरते आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री मुळांना भाजत नाही. काळ्या प्लास्टिकच्या ग्रो बॅग उन्हाळ्यात पूर्ण बंद. मासळी बाजारात टाकून दिलेले पांढरे थर्माकोलचे खोके स्वच्छ धुऊन, तळाला भोके पाडून वापरते, कारण थर्माकोल उष्णता आत शिरू देत नाही आणि पांढरा रंग ऊन परतवतो. मातीवर भाताच्या पेंढ्याचे किंवा सुक्या पानांचे तीन-चार बोटे जाड आच्छादन असते. पाणी पहाटे घालते. गच्चीवरच्या टाकीतील पाणी दुपारी इतके तापलेले असते की ते मुळांना घालणे म्हणजे आच्छादनाचा सगळा फायदा घालवणे होय, म्हणून रात्रीच बादल्या भरून सावलीत ठेवते. सावलीसाठी ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मे ऊन अडवणारी शेडनेट रोपांच्या वर निदान दोन फूट उंच बांधली आहे आणि चारी बाजू मोकळ्या ठेवल्या आहेत, कारण दुपारनंतर खाडीकडून येणारा वारा अडवून सावली मिळवण्यात काहीच लाभ नाही. जाळी अकरा ते चार एवढीच ओढते. सकाळचे ऊन रोपांना हवेच असते.

लेट्यूसचे बियाणे ३० अंशांच्या आसपास गेले की सुप्तावस्थेत जाते आणि उगवत नाही. हे बियाणे खराब निघाल्याचे लक्षण नसते. ओल्या सुती कापडात गुंडाळून, डब्यात घालून दोन-तीन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे आणि संध्याकाळी पेरावे, म्हणजे पाणी शोषण्याचे नाजूक तास त्यातल्या त्यात गार वेळेत जातात. वर मातीचा जाड थर नको, कारण लेट्यूसला उगवायला उजेड लागतो. गड्डा धरणारे आइसबर्ग उन्हाळ्यात विसरावे. सुट्या पानांचे, रोमेन किंवा बटाविया गटातील वाण घ्यावे. रोमेनपैकी ‘जेरिको’ हे वाण इस्रायलमधील उष्ण हवेसाठी तयार झालेले आहे. आणि काढणी लवकर करावी. महिनाभराची कोवळी पाने पहाटे कापली तर कडवटपणा जवळपास नसतो. तो येतो पानांतील दुधाळ चिकातून, आणि रोप फुलाच्या तयारीला लागले की चिकातील कडू द्रव्ये वाढतात.

आपापल्या जागेचे अनुभव कृपया दिशेसह लिहावेत. बाल्कनी कोणत्या बाजूला आहे हे कळल्याशिवाय कोणताही सल्ला अपुरा आहे.

नेरूळ_पूर्व

उत्तम धागा. दिशेचा मुद्दा आपण काढलाच आहे तर त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या बहुतेकांकडे गच्ची नसते आणि एकाच बाजूची बाल्कनी असते.

पूर्वेची बाल्कनी या कामासाठी सर्वांत चांगली. सकाळी ऊन मिळते, अकरानंतर सावली येते आणि भिंत संध्याकाळपर्यंत निवते. पश्चिमेची सर्वांत अवघड. तीन ते सहाचे तिरपे ऊन वरच्या जाळीखालून थेट आत येते आणि त्याहून वाईट म्हणजे तापलेली भिंत मध्यरात्रीपर्यंत उष्णता बाहेर टाकत राहते. आपण रात्रीच्या उकाड्याबद्दल जे लिहिले आहे ते पश्चिमेच्या बाल्कनीत दुप्पट खरे आहे. तिथे जाळी आडवी न बांधता पडद्यासारखी उभी सोडावी आणि कुंड्या भिंतीपासून दूर, कठड्याकडे सरकवाव्यात.

उत्तरेच्या बाल्कनीला ऊन मिळत नाही असे आपण धरून चालतो, आणि हिवाळ्यात ते बरोबरही आहे. पण २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवू लागतो. एप्रिलमध्ये उत्तरेच्या बाल्कनीत सकाळी साधारण आठ-साडेआठपर्यंत आणि पुन्हा सूर्यास्तापूर्वी कोवळे ऊन येते. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तर दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. त्यामुळे पालेभाज्यांसाठी उन्हाळ्यातील उत्तरेची बाल्कनी ही फार मोलाची जागा आहे. हिवाळ्यात जिथे काही पिकत नाही तिथेच एप्रिलमध्ये लेट्यूस सुखाने वाढते. दक्षिणेची बाल्कनी याच्या नेमकी उलट वागते. हिवाळ्यात दिवसभर ऊन, आणि मे महिन्यात वरच्या मजल्याच्या छज्जाची सावली.

आणखी एक गोष्ट सुचवतो. एसीचा बाहेरचा भाग ज्या बाल्कनीत किंवा खिडकीत असेल तिथे त्याची गरम हवा रात्रभर रोपांवर येते. ज्यांना सर्व उपाय करूनही यश येत नाही त्यांनी आधी हे पाहावे, आणि स्वतःचा एसी नसेल तर शेजारच्या किंवा खालच्या घराचा कुठे आहे तेही पाहावे.

कळवेकर

माहितीबद्दल आभार. माझा प्रश्न फुलकोबी आणि कोबीचा आहे. आमच्या इमारतीच्या मागे थोडी मोकळी जमीन आहे. फुलकोबीची रोपे जोमाने वाढतात, पण गड्डा एक तर अगदी लहान राहतो किंवा पसरून भातासारखा दाणेदार होतो, आणि कधी गड्ड्यातूनच पाने बाहेर येतात. हे खताचे प्रमाण चुकल्यामुळे होते की जमिनीमुळे? आणि मार्च-एप्रिलमध्ये लागवड करता येईल का?

घोडबंदर_गच्ची

@कळवेकर, आपण सांगितलेल्या तीनही लक्षणांचे मूळ बहुतांशी तापमानात आणि वाणाच्या निवडीत आहे, त्यामुळे याचे उत्तर जरा विस्ताराने देते.

फुलकोबी १८२२ मध्ये इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आली. पुढे शंभर-दीडशे वर्षांत उत्तर भारतातील शेतकऱ्यांनी उष्ण आणि दमट हवेत जी रोपे तगली त्यांचेच बियाणे धरत धरत आपली स्वतंत्र भारतीय फुलकोबी घडवली. या भारतीय गटातील लवकर येणारे वाण २० ते २७ अंश तापमानातही गड्डा धरतात. ‘स्नोबॉल’ गटातील युरोपीय वाणांना मात्र गड्ड्यासाठी १० ते १६ अंश लागतात. बाजारात मिळणाऱ्या पाकिटांवर सुंदर पांढऱ्या गड्ड्याचे चित्र असते, पण वाण कोणत्या गटातील आहे हे सहसा ठळकपणे लिहिलेले नसते.

आता आपल्या हवेचा हिशोब करून पाहा. जानेवारीत आपल्याकडे दिवसाचे कमाल तापमान ३०-३१ आणि रात्रीचे १७ च्या आसपास असते, म्हणजे सरासरी सुमारे २४ अंश. याचा अर्थ असा की ऐन थंडीतही ठाण्याची हवा स्नोबॉलला उष्णच आहे. आपली जी थंडी आहे ती लवकर येणाऱ्या भारतीय वाणांच्या मापाची आहे. म्हणून ‘पुसा दीपाली’, ‘पुसा मेघना’, ‘पुसा कार्तिक संकर’ अशा वाणांचा शोध घ्यावा. ही सर्व दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची आहेत.

गड्डा भातासारखा दाणेदार होणे आणि त्यातून पाने निघणे ही दोन्ही गड्डा धरताना तापमान जास्त असल्याची लक्षणे आहेत. लहान गड्डा धरून रोप थांबणे याची कारणे मात्र वेगळी असू शकतात. रोप फार दिवस वाफ्यात राहून म्हातारे झाले, नत्र कमी पडले किंवा लवकर येणारे वाण उशिरा लावले, तर रोपाची पाने पुरेशी होण्याआधीच गड्डा धरतो. याउलट उशिराचे वाण लवकर लावले तर नुसती पाने वाढत राहतात आणि गड्डा धरतच नाही. त्यामुळे या पिकात वाण आणि लागवडीची वेळ यांचा मेळ जमीन आणि खत यांच्याही आधी पाहावा लागतो.

मार्च-एप्रिलमधील लागवडीला माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. त्या काळात गड्डा धरण्याची वेळ मे महिन्यात येईल आणि तेव्हा २७ अंश ही आपली रात्र असते. सप्टेंबरच्या मध्यावर सावलीत रोपे करा, ऑक्टोबरचा उकाडा त्यांना जाळीखाली काढू द्या आणि ऑक्टोबरअखेरीस जमिनीत लावा. कोबीसाठी ‘पुसा अगेती’ पाहा. उष्ण हवेसाठीच निवडलेले वाण आहे आणि १५ ते ३० अंशांपर्यंत चालते. ‘गोल्डन एकर’ मात्र थंडी मागते.

वाटाण्याबद्दल कुणी विचारण्याआधीच लिहिते. ३० अंशांच्या पुढे फुले गळतात, दाणे भरत नाहीत. पुरंदरच्या पठारावर पावसाळ्यात वाटाणा होतो तो तिथल्या उंचीमुळे आणि गार हवेमुळे. आपण तो प्रयत्न उन्हाळ्यात करू नये.

खारघर_सेक्टर

मी मातीविना, म्हणजे हायड्रोपोनिक्स पद्धतीने पाइपमध्ये लेट्यूस आणि पाक चोय ही चिनी पालेभाजी घेतो. मूळ लेखातील मुळांच्या तापमानाचा मुद्दा या पद्धतीत तर निर्णायक ठरतो, म्हणून त्यावर लिहितो.

पाणी जसे तापते तसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंशांना एका लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ७.५. त्याच वेळी मुळांची श्वसनाची गरज वाढलेली असते. म्हणजे मागणी वाढते आणि पुरवठा घटतो. त्यात मुळे कुजवणारी बुरशी अशाच कोमट पाण्यात फोफावते. मुळे पांढरी असायला हवीत ती तपकिरी आणि बुळबुळीत झाली की रोप भरपूर पाण्यात उभे असूनही दुपारी माना टाकते. उन्हाळ्यात या पद्धतीत अनेकांचा जो निरुत्साह होतो त्याचे कारण बहुधा एवढेच असते. खताचे द्रावण बदलून त्यावर इलाज होत नाही.

याउलट मुळे गार ठेवली तर वरची हवा बरीच उष्ण असली तरी पीक येते. सिंगापूरमध्ये, जिथे वर्षभर आपल्या मे-जूनसारखीच हवा असते, तिथे मुळांभोवतीचा भाग सुमारे २० अंशांवर ठेवून आणि पाने उघड्या उष्ण हवेत ठेवून लेट्यूस घेण्याचे प्रयोग यशस्वी झाले आहेत. आपण घरी २० अंशांपर्यंत पोहोचणार नाही, पण ३२ वरून २६ वर आलो तरी फरक डोळ्यांना दिसतो.

त्यासाठी पाण्याची टाकी मोठी ठेवावी. दहा लिटरची टाकी तासाभरात तापते, साठ लिटरची दिवसभरात. शक्य असल्यास टाकी घरात ठेवावी आणि फक्त पाइप बाल्कनीत असावेत. टाकीला व पाइपला थर्माकोल किंवा चंदेरी कागद लावावा. मत्स्यालयाचा छोटा हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकीत सोडण्याचा उपाय अनेकजण सांगतात. त्याचा हिशोब असा की एक किलो बर्फ वितळून गार पाणी होऊन शेवटी टाकीच्या तापमानाला येईपर्यंत चाळीस लिटर पाणी साधारण अडीच अंशांनी उतरवतो. एवढे उतरलेले पाणी उघड्या टाकीत काही तासांत पुन्हा तापते. म्हणून आधी थर्माकोल, मग बाटल्या. हा क्रम उलटा केला तर फ्रिजवरचा भार वाढतो आणि स्वयंपाकघर तापते.

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी लेट्यूस थांबवून त्याच पाइपमध्ये पुदिना आणि तुळशीच्या इटालियन जाती घेतो. त्या या पाण्यात चांगल्या वाढतात.

पाचपाखाडी

सर्वांनी मनापासून लिहिले आहे आणि माहितीही चांगली आहे, तरी एक वेगळा विचार मांडतो. जे रोप उकाड्यात जगायला तयार नाही त्याच्यासाठी जाळ्या, बर्फ आणि पंप लावण्यापेक्षा जे रोप उकाड्यासाठीच घडले आहे ते का लावू नये? लाल माठ, चवळई, राजगिरा ही सगळी एकाच कुळातील रोपे आहेत आणि त्यांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धतच वेगळी आहे. ज्वारी, मका, ऊस यांच्याप्रमाणे ती कार्बन डायऑक्साइड वायू पानात आधी एकवटून मग वापरतात, त्यामुळे कडक उन्हात जिथे पालक थकतो तिथे माठ जोमाने वाढतो. घोळ तर कुणी न लावता कुंड्यांमध्ये उगवते आणि आपण ती तण समजून उपटून टाकतो. मायाळूच्या वेलीला मे महिन्यात रोज पाने येतात, त्यांची भजी होतात, डाळीत घालता येतात आणि कोवळी पाने कच्चीसुद्धा खाता येतात. अंबाडी आहे, शेवग्याचा पाला आहे, पावसाच्या तोंडावर अळू आहे. आपल्या आजी-पणजींच्या स्वयंपाकात प्रत्येक ऋतूची पालेभाजी ठरलेली होती आणि त्यामागे पिढ्यांचे निरीक्षण होते. पाणीकपातीच्या काळात लेट्यूसच्या एका जुडीसाठी किती पाणी खर्चावे याचाही विचार व्हायला हवा असे मला वाटते.

घोडबंदर_गच्ची

@पाचपाखाडी, आपल्या म्हणण्यातील प्रत्येक वाक्याशी मी सहमत आहे आणि माझ्या गच्चीचा निम्म्याहून अधिक भाग माठ, मायाळू आणि अंबाडीचाच असतो. मात्र मी या दोन गोष्टींत निवड करण्याची गरज मानत नाही, कारण त्या एकमेकींना उपयोगी पडतात. मायाळूची वेल मांडवावर चढवली की तिच्याखाली मिळणारी सावली शेडनेटपेक्षा चांगली असते, कारण जाळी स्वतः तापते आणि वेलीची पाने बाष्पोत्सर्जनामुळे तितकी तापत नाहीत. त्या मांडवाखाली पूर्वेच्या कडेला लेट्यूसचे आणि कोथिंबिरीचे खोके बसतात. राजगिऱ्याची उंच रोपे पश्चिमेच्या कडेला ओळीने लावली तर संध्याकाळचे ऊन अडते. ही रचना करायला फेब्रुवारीत सुरुवात करावी लागते, म्हणजे एप्रिलपर्यंत मांडव भरतो.

पाण्याचा आपला मुद्दा गंभीर आहे. जाड आच्छादन आणि पहाटेचे पाणी यांमुळे पाणी कमी लागते हे खरे, पण ज्यांच्या सोसायटीत टँकर येतो त्यांनी मे महिन्यात लेट्यूसचा आग्रह धरू नये, असेच मीही म्हणेन.

ऐरोलीची_बाल्कनी

मला मेथी आणि कोथिंबीर या दोन रोजच्या भाज्यांबद्दल लिहायचे आहे. लेट्यूस प्रत्येकाच्या घरात लागत नाही, पण कोथिंबीर लागते आणि उन्हाळ्यात तिचे भाव काय होतात हे सर्वांना माहीत आहे.

मेथीच्या बाबतीत आपल्या किनाऱ्यावर एक फार जुना आणि चोख मार्ग अस्तित्वात आहे, तो म्हणजे समुद्रमेथी. समुद्राकाठच्या रेताड वाफ्यांत मेथी दाट पेरायची आणि दोन-तीन पानांवर आली की मुळासकट उपटून लहान लहान जुड्या करायच्या. बाजारात आपण त्या वाळू झटकत विकत घेतो. यात शहाणपण असे की रोपाला उकाड्याचा त्रास व्हायला लागण्याआधीच पीक हातात येते, आणि वाळूतून पाण्याचा निचरा लगेच होत असल्यामुळे कोवळी रोपे कोलमडत नाहीत. घरी हे अगदी सहज करता येते. पसरट ट्रेमध्ये चार बोटे धुतलेली नदीची वाळू आणि तळाला थोडे गांडूळखत घालावे. मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पसरावेत, वरून वाळूचा पातळ थर द्यावा आणि ट्रे सावलीत ठेवावा. दहा-बारा दिवसांत जुडी तयार होते. मे महिन्यातही होते. समुद्राची वाळू मात्र आणू नये, तिच्यात मीठ असते आणि ती उचलण्यास बंदी आहे.

कोथिंबिरीसाठी धने चप्पल किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाके करावेत, कारण एका धन्यात दोन बिया असतात. रात्रभर भिजवून पेरावेत. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात आणि उन्हाळ्यात या काळात माती एकदाही कोरडी पडू देऊ नये, म्हणून ट्रेवर ओले गोणपाट टाकून ठेवावे आणि पहिले कोंब दिसताच काढावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोथिंबिरीचे रोप कधीही दुसरीकडे लावू नये. तिचे सोटमूळ दुखावले की ती थेट फुलावर जाते. उन्हाळ्यात एकाच कुंडीतून वारंवार पाने खुडण्याची अपेक्षा ठेवू नये. महिन्याभराची जुडी मुळासकट काढावी आणि दर आठवड्याला एक नवी कुंडी पेरावी. कुणाला खुडायचीच असेल तर बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का ईशा’ हे वाण अनेक काढण्यांसाठी आहे.

तुर्भे_नवीन

मी या विषयात अगदी नवीन आहे. मार्च संपत आला आहे. माझ्याकडे पूर्वेची छोटी बाल्कनी आहे आणि जास्तीत जास्त पाच-सहा कुंड्या मावतील. आजपासून सुरुवात करायची तर काय पेरू? आणि गेल्या पावसाळ्यापासून घरात पडलेली बियाण्याची पाकिटे वापरता येतील का?

घोडबंदर_गच्ची

@तुर्भे_नवीन, सुरुवात पालकापासून करा. आपल्या बाजारातील गुळगुळीत पानांचा पालक हा बीटच्या कुळातील आहे आणि तो विलायती पालकापेक्षा उष्णता पुष्कळच अधिक सोसतो. ‘ऑल ग्रीन’ किंवा ‘पुसा ज्योती’ घ्या. विलायती पालकाचे बियाणे या दिवसांत धड उगवणारसुद्धा नाही. दोन कुंड्या पालकाच्या, पंधरा दिवसांच्या अंतराने पेरलेल्या. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेषा दिसल्या तर ती नागअळी आहे. ती पाने लगेच तोडून टाका, फवारणीची गरज पडणार नाही.

एक खोल कुंडी मुळ्यासाठी ठेवा. ‘पुसा चेतकी’ हे वाण मुद्दाम उन्हाळ्यासाठीच आहे. एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पेरता येते आणि ४०-४५ दिवसांत मुळा तयार होतो. उन्हाळी मुळा तिखट असतो, त्यामुळे कोवळा असतानाच काढा. काढायचा राहून गेला आणि फुलावर आला तर रोप उपटू नका, डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, धरू द्या. त्यांची भाजी आमच्या घरी मुळ्यापेक्षा अधिक आवडीने खाल्ली जाते. उरलेल्या जागेत @ऐरोलीची_बाल्कनी यांनी सांगितल्याप्रमाणे कोथिंबिरीची एक कुंडी आणि मेथीचा ट्रे बसेल. लेट्यूस हवेच असेल तर एक थर्माकोलचा खोका कोवळ्या पानांसाठी, गड्ड्याची आशा न ठेवता.

पाकिटांबद्दल सांगायचे तर बियाण्याचा मोठा शत्रू आपला पावसाळा आहे. उघड्या पाकिटातील बी हवेतील ओल शोषते आणि एका पावसाळ्यात त्याची उगवणशक्ती बरीच घटू शकते, त्यामुळे पेरण्याआधी परीक्षा घ्या. प्रत्येक पाकिटातील दहा बिया ओल्या कागदी रुमालात गुंडाळून ठेवा. पालक आणि मुळ्याला आठवडा द्या, धन्यांना दोन. लेट्यूसचा रुमाल आधी दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि मग काढून घरातील सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा. दहापैकी सात-आठ उगवल्या तर नेहमीप्रमाणे पेरा, चार-पाच उगवल्या तर दुप्पट दाट पेरा, त्याहून कमी असतील तर नवे आणा. नवे पाकीट उघडल्यावर उरलेले बी झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या बरणीत, औषधांच्या डबीत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून, फ्रिजमध्ये ठेवा, आणि बरणी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाही तर आतल्या गार बियांवर हवेतील दव धरते.